बैठका फक्त पैलवानांनीच काढायच्या का?

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात गगनबावड्याच्या एसटी स्टँडवर माझ्या आत्तीला गाडीत चढवायला तीन माणसं लागली. एक मी, एक कंडक्टर आणि एक अनोळखी पोरगा. त्यानं हातातला मोबाइल खिशात टाकून मागून आधार दिला. पाऊस नेहमीचाच होता, म्हणजे वरून पडणारा आणि घाटातून वर येणारा. आत्ती सीटवर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पायरी न्हवं ही, गगनगड हाय गगनगड."

गाडीतल्या बायका हसल्या. त्यातल्या निम्म्या तशाच चढल्या होत्या. दोन्ही हातांनी दांडा धरायचा, आधी चांगला पाय वर, मग दुसरा ओढून घ्यायचा.

ऑगस्ट २०२२ पासून राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही योजना चांगल्याच आहेत. पण ज्या बाईला गाडीची पहिली पायरी चढता येत नाही, तिला तिकीट माफ करून काय मिळालं? त्या पायरीसाठी लागते मांडीतली ताकद, आणि ती कुठल्याच योजनेत मिळत नाही. घरातही कुणी देत नाही. उलट तिच्या मांडीत जी काही उरलीय ती आपणच काढून घेतो आणि त्या चोरीला आपण नाव दिलंय 'आराम'.

माझं म्हणणं एवढंच आहे. गुडघे दुखणाऱ्या आणि गुडघे बदललेल्या आपल्या आया, आज्या, आत्त्या यांना आराम करायला सांगणं ही माया नाही, हेळसांड आहे. त्यांना ताकदीचा व्यायाम हवा, वजन घेऊन, हळूहळू वाढवत, नेमानं. आणि तो त्यांना मिळत नाही याचं कारण गरिबी किंवा अडाणीपणा एवढंच नाही. बाईच्या अंगात ताकद असणं हे आपल्याला गरजेचंच वाटत नाही.

हे मी कोल्हापूर जिल्ह्याबद्दल लिहितेय, म्हणून जास्त लागतं. इथं ताकदीचं शास्त्र कुणाला परदेशातून आणावं लागलं नाही. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पंचवीस बैठकांपासून सुरू करून पाचशेपर्यंत कसं जायचं, कधी थांबायचं, नंतर काय खायचं, हे इथला कुठलाही वस्ताद सांगेल. पण हे सगळं शहाणपण तालमीच्या दारातच अडलं. महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली १९६१ मध्ये. महिलांसाठी पहिली महाराष्ट्र केसरी झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. मधे बासष्ट वर्षं गेली. तरण्या पोरींना आखाड्यात यायला एवढा वेळ लागला, तर अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या बैठका मोजायला कोण बसणार?

आता आत्तीचं सांगते. चार वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. घरी सोडताना एक कागद मिळाला. त्यावर बहुतेक सगळे नकार होते. मांडी घालू नका. उकिडवं बसू नका. जिने टाळा. जड उचलू नका. व्यायामाची दोन चित्रं होती, झेरॉक्सची झेरॉक्स, काळपट झालेली. पाय कुणाचा आणि उशी कुठली ते कळत नव्हतं. शिकवायला वाडीवर कोण येणार? आम्ही भाचरं पुण्या-मुंबईहून फोन करायचो आणि एकच सांगायचो, "आत्ती, तू आता काही करू नकोस." तिनं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी काही करू नकोस म्हणत होतं.

त्या वर्षभरात तिच्या पायाचं काय झालं ते आता पुस्तकातून कळतं. गुडघा बदलल्यानंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटते. २००५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात ही घट सरासरी ६२ टक्के निघाली. स्नायू थोडासा आटतो, पण मोठं कारण वेगळं असतं. सांध्यात सूज आणि वेदना असली की मज्जासंस्था त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. फ्यूज उडालेला नसतो, मेन स्विचच अर्धा बंद असतो. तो परत चालू होतो तो कामाला लावूनच. झोपवून ठेवलं की उरलेलाही जातो. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतलं जवळजवळ एक किलो मांस कमी झालं, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. हे दहा दिवसांचं. आम्ही आत्तीला वर्षभर आराम दिला.

शिवाय हा आराम कसला होता तेही बघू. तिचं देवळात जाणं थांबलं. बाजार थांबला. लग्नाकार्याला "तुला बसायला जमायचं न्हाई" म्हणून मागं ठेवलं. पण खुर्चीत बसून लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, नातवाला सांभाळणं सुरूच होतं. म्हणजे बाई बाहेरच्या जगातून रिटायर झाली, घरकामातून नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईला मिळणारा आराम बहुतेक वेळा असाच असतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, झीज. "गुडघ्याची झीज झालीय", "वंगण संपलंय", "गादी घासली". डॉक्टर म्हणतात, शेजारीण म्हणते, तेल विकणारा तर म्हणतोच. हा शब्द ट्रॅक्टरच्या टायरला शोभतो. टायर जितका पळवाल तितका घासतो, म्हणून तो शेडमध्ये ठेवलेला बरा. जिवंत सांध्याचं गणित निराळं आहे. हाडाच्या टोकावरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आतबाहेर होतो सांध्यावर भार पडला आणि हलला की. संधिवात हा नुसत्या कूर्चेचा आजार नाही. हाड, सांध्याचं अस्तर, स्नायू सगळे त्यात येतात. म्हणून एक्स-रे वाईट दिसणारी एखादी बाई आरामात डोंगर चढते आणि एक्स-रे बरा असणारी दुसरी अंथरुणावरून उठत नाही. आणि हो, बेतानं वाढवलेल्या व्यायामानं कूर्चा आणखी बिघडते, असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही.

"पण ती आयुष्यभर राबलीय की! तिला कसला आणखी व्यायाम?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला, आणि तो खोटा नाही. गगनबावड्यात भाताची रोपं लावणारी बाई इरलं पांघरून दिवसभर चिखलात वाकलेली असते. भांगलण उकिडवं बसून. ऊस, नाचणी, डोक्यावरचा भारा, नदीवरचं धुणं. तासन्‌तास उकिडवं बसण्याचा आणि गुडघ्याच्या संधिवाताचा संबंध चीनमधल्या बीजिंगच्या वयस्कर लोकांच्या अभ्यासात स्पष्ट दिसला आहे. आपल्याकडे भिगवणला, पुणे जिल्ह्यात, डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं १९९६ मध्ये चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली, तेव्हा १८ टक्क्यांहून अधिक लोकांना सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. खेड्यातली माणसं कष्टाळू म्हणून धडधाकट, हा शहरी गोड समज आहे.

कष्ट आणि व्यायाम यांतला फरक तालमीत जाऊन बघावा. पैलवान बैठका काढतो तेव्हा किती काढायच्या हे वस्ताद ठरवतो. आज जास्त झाल्या तर उद्या कमी. मग मालिश, झोप, दूध, तूप, बदाम. शेतातल्या बाईचं ओझं पाऊस ठरवतो आणि मुकादम ठरवतो. एकाच अवस्थेत आठ तास, उद्या परत तेच. घरी आल्यावर चूल, आणि सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते जेवण. भार दोघांवरही पडला. एकाचं शरीर त्यातून घडलं, दुसरीचं खर्ची पडलं. तेव्हा राबली म्हणून तिला व्यायाम नको, हा तर्क उलटा आहे. राबली म्हणूनच तिला आता असा भार हवा, जो ती स्वतः ठरवेल, मोजेल आणि नंतर पोटभर जेवेल.

दुसरी हरकत सुशिक्षितांची असते. "या वयात स्नायू कुठं वाढतात?" १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड वजनांचा व्यायाम दिला गेला. सरासरी वय नव्वद. मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. या अभ्यासाला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. तो अजून आपल्या घरांपर्यंत पोचलेला नाही, पण गुडघ्याचा पट्टा, लाल तेल आणि 'सांध्यात ग्रीस भरणारी' गोळी मात्र पोचली. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की संधिवाताच्या प्रत्येक रुग्णाला त्याच्यापुरता आखलेला व्यायाम द्यावा, ग्लुकोसामाइन देऊ नये. आपल्या औषधांच्या दुकानात काय खपतं ते तुम्हीच बघा.

आता माझ्या बाजूचं अवघड तेही सांगायला हवं, नाहीतर मीही तेल विकणारीच ठरेन. व्यायामानं गेलेली कूर्चा परत येत नाही. दुखणं कमी होतं, नाहीसं होत नाही, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत थोडं वाढूही शकतं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साठीच्या पुढच्या ४३९ जणांवरच्या अमेरिकी अभ्यासात दीड वर्षाच्या व्यायामानं वेदना आणि हालचाल दोन्ही सुधारल्या, पण माफक. २०२१ मधल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात फार जड वजनं उचलणाऱ्यांचं दुखणं हलकी वजनं उचलणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं नाही. म्हणजे आत्तीला जिममध्ये बारबेलखाली उभं करायची गरज नाही. आणि काही गुडघे बदलावेच लागतात. डेन्मार्कमध्ये शंभर रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला शस्त्रक्रिया आणि व्यायाम, दुसऱ्याला नुसताच व्यायाम, आहार, सल्ला वगैरे. शस्त्रक्रियेच्या गटाला जास्त आराम पडला, हे खरं. पण दुसऱ्या गटातल्या जवळपास तीन-चतुर्थांश लोकांना वर्षभरात शस्त्रक्रियेची गरज पडली नाही, आणि गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यात कमी झाल्या. शस्त्रक्रिया वाईट, असं मी म्हणत नाही. तिच्या आधी आणि नंतर ताकद हवी, एवढंच.

आपल्या देशाला गुडघे बदलण्याची ओळख झाली ती २००० मध्ये, तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईत ब्रीच कँडीला शस्त्रक्रिया झाली तेव्हा. पुढं ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा आणली. सर्वाधिक वापरला जाणारा सांधा दीड लाखाच्या आसपासवरून ५४,७२० रुपयांवर आला. स्वागतच आहे. पण धातूची किंमत ठरवणाऱ्या सरकारनं त्या धातूभोवतीच्या मांसाचा विचार केला का? शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने तालुक्याच्या ठिकाणी व्यायाम कोण शिकवणार, याची तरतूद सांध्याच्या किमतीएवढीच महत्त्वाची आहे. डेन्मार्कनं २०१३ पासून एक साधा कार्यक्रम चालवलाय. दोन वेळा माहिती, सहा आठवड्यांत बारा वेळा देखरेखीखाली व्यायाम. त्याला यंत्रं फारशी लागत नाहीत. खुर्ची, पायरी, रबरी पट्टा आणि शिकवणारं माणूस लागतं. आपल्या गावागावांत आयुष्मान आरोग्य मंदिरं आहेत, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई आहेत. योगदिनाला चटया अंथरल्याच जातात. ज्या बाईला जमिनीवर बसताच येत नाही तिच्यासाठी त्याच जागी आठवड्यातून दोनदा खुर्च्या मांडायला किती खर्च येतो?

पण सरकार खुर्च्या मांडेपर्यंत आपण थांबायचं नाही. घरात खुर्ची आहे.

त्या एसटीच्या प्रकारानंतर मी आत्तीच्या सोप्यात भिंतीला टेकवून एक खुर्ची ठेवली आणि म्हटलं, हात छातीवर बांधून ऊठ-बस कर, अर्ध्या मिनिटात किती होतात बघू. ही खरीच चाचणी आहे. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी संस्था पडण्याचा धोका ओळखायला ती वापरते. बायकांमध्ये साठ ते चौसष्ट वयाला बारापेक्षा कमी, पासष्ट ते एकोणसत्तरला अकरापेक्षा कमी आणि सत्तर ते चौऱ्याहत्तरला दहापेक्षा कमी झाल्या, तर ताकद कमी आहे असं समजायचं. आत्तीच्या झाल्या तीन. चौथीला हात टेकला. "आता काय पैलवान हुयाचं हाय का मला?" ती चिडून म्हणाली. मी म्हटलं, "नाही. एसटीत चढायचंय."

सुरुवातीला खुर्चीवर घोंगड्याची घडी ठेवली, म्हणजे उठणं सोपं जावं. आठ-दहा वेळा ऊठ-बस, मधे विसावा, असं दोन-तीन वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. बारा सहज व्हायला लागल्या की घडी काढली. मग एक किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून. पुढं दोन किलो. उंबऱ्यावर एक पाय ठेवून चढ-उतार. भिंतीला हात लावून टाचा उचलणं. कोल्हापुरातल्या एका फिजिओथेरपिस्टला दोनदा दाखवून घेतलं, व्हिडिओ कॉलवर चूक सुधारली. नियम एकच. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवलं पाहिजे. गुडघा सुजला तर पुढच्या वेळी वजन कमी. गुडघा गरम-लाल झाला, ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली, गुडघा अडकला, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर व्यायाम बंद आणि तडक डॉक्टर. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि विचारताना "काय करू नको" असं नाही, "काय करू" असं विचारायचं.

खाण्याचं भांडण याहून मोठं झालं. म्हातारपणी स्नायू टिकवायला किलोमागं रोज साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, असं तज्ज्ञ म्हणतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. पंचावन्न किलोच्या आत्तीला रोज पंचावन्न-साठ ग्रॅम. ती खात होती भात, आमटीचं वरचं पाणी आणि चहा. अंडी नातवाला, दूध नातवाला, डाळ तळाला राहिली तर तिला. खुराक हा शब्द आमच्या घरात फक्त पोरांसाठी होता. आता तिच्या ताटात रोज दोन अंडी आणि घट्ट डाळ असते, आणि ती सगळ्यांबरोबर जेवते. खुर्चीपेक्षा हे बदलायला जास्त दिवस लागले.

दोन वर्षं झाली. आत्तीचा आकडा आता दहा आहे. पावसाळ्यात डावा गुडघा रात्री ठणकतो. मांडी घालून तिला अजून बसता येत नाही, कदाचित कधीच येणार नाही. मधे भात लावणीच्या दिवसांत तिनं महिनाभर सगळं सोडलं आणि आकडा सातवर आला, मग परत चढवावा लागला. चमत्कार काही झाला नाही. पण ती एसटीत एकटी चढते. दांडा धरते, ते सगळेच धरतात.

हे तुम्ही मोबाइलवर वाचताय, म्हणजे स्टॉपवॉच तुमच्या हातातच आहे. या रविवारी घरी गेलात की आईला किंवा आजीला खुर्चीवर बसवा, खुर्ची भिंतीला टेकवा, शेजारी उभे राहा आणि तीस सेकंद मोजा. तोल जात असेल तर हात टेकू द्या. आलेला आकडा लिहून ठेवा. मग तिला आराम करायला सांगायचं का, ते ठरवा.